ढ ढगाचा

कोपरला मैथिलीताईंची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पाचवी ते आठवीची वीस-बावीस मुलं. मोठ्या शाळांनी ज्यांच्यापुढे हात टेकले, ती सगळी इथे. बाकं नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही आणि एक शब्द चुकूनही तोंडातून काढायचा नाही: 'ढ'. लहानपणी तो ताईंनाच चिकटला होता, म्हणून तर चांगली पक्की नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला. "आमच्याकडे ढ फक्त ढगाचा," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत. जरा जास्तच अभिमानाने.

शुक्रवारी सभा भरायची. सगळे गोल बसत, ताईंनाही मत एकच. ज्याने कोणाचं मन दुखावलं, त्याने गोलाबाहेर चपलांपाशी बसायचं, ज्याचं दुखावलं तो 'आत ये' म्हणेपर्यंत. नियम ताईंचाच.

सहावीतल्या समीक्षाचं तोंड आधीच्या शाळेत जे मिटलं होतं, ते वर्ष होत आलं तरी या सभेत उघडलं नव्हतं. ही पोरगी एकदा बोलू दे, म्हणून ताई देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

त्या शुक्रवारी समीक्षाने हात वर केला. ताईंना आनंदाने भरून आलं.

"मैथिलीताई काल फोनवर माझ्या मम्मीला बोलल्या, समीक्षा तशी ढच आहे, पण गोड आहे," ती म्हणाली. "मी दारातच होते."

ताईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं. बोललो होतो आपण. अगदी सहज, मायेनेच. सगळ्या शाळेला बंदी घातलेला शब्द इतकी वर्षं आपल्याच जिभेवर मुक्काम ठोकून होता.

"ताईंनी बाहेर बसायचं?" सभा चालवणाऱ्या सान्वीने विचारलं.

एखादा तरी 'जाऊ दे ना' म्हणेल, म्हणून ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. एकेक करत सगळे हात वर गेले.

त्या चपलांपाशी जाऊन बसल्या. आत त्यांच्यावाचून गणित सुरू झालं, डबे उघडले, हसणंही ऐकू आलं. शाळा सुटली तेव्हा समीक्षा चप्पल घालायला वाकली.

"येऊ का गं आत?" ताईंनी विचारलं.

तिने जरा विचार केला.

"सोमवारी बघू," समीक्षा खणखणीत आवाजात म्हणाली आणि जिना उतरून गेली.

वर्षभर ज्या आवाजाची वाट पाहिली, तो हा.