ढवळीचा खुराक

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहायचे. त्यांच्याकडे शंभराच्या वर वस्तरे होते आणि छातीवर रुळणारी पांढरीशुभ्र दाढी होती. या दोन गोष्टी एकाच माणसाकडे कशा, हे नवीन येणारा प्रत्येक बिऱ्हाडकरू पहिल्याच आठवड्यात विचारायचा. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "स्वतःची केलंय तर दिवसाक एकच वस्तरो तपासून होतलो. सोसायटीत बावीस पुरुष आसत." आणि खरंच, बावीसच्या बावीस जण आळीपाळीनं त्यांच्या हाताखालून जायचे. आमच्या बिल्डिंगचा रंग उडाला होता, टाकी गळत होती, पण पुरुष मात्र अख्ख्या मुलुंडात आमचे गुळगुळीत.

नाव काहीतरी वेगळंच होतं, पण सगळे त्यांना वस्तरेभाऊ म्हणायचे. मूळचे मालवणकडचे. एका कारखान्यात हत्यारं घडवण्यात उभा जन्म गेला. रिटायर झाल्यावर कुणी देव धरतं, कुणी शेअर बाजार. यांनी वस्तरे धरले. चेंबूरला एखादं जुनं केशकर्तनालय बंद होतंय असं कळलं की भाऊ पिशवी घेऊन हजर. देवनारच्या भंगारवाल्यांकडे तर त्यांची बसायची जागा ठरलेली होती. गंजून तांबडालाल झालेला वस्तरा आणायचा, मूठ सोडवायची, धारेवर जाड चिकटपट्टी लावायची आणि पातं ढवळीच्या पोटात घालायचं.

ढवळी म्हणजे त्यांचं मशीन. पांढऱ्या प्लास्टिकचं एक टोपलं, खाली स्प्रिंगा, त्याखाली जुन्या मिक्सरची मोटर. चालू केलं की ते टोपलं दिवसभर थरथरत राहायचं आणि आतला भुगा पात्याभोवती फिरून त्याला घासूनपुसून काढायचा. हा भुगा कशाचा घ्यायचा, यातच सगळी कला. भाऊ त्याला खुराक म्हणायचे. पुढे ओळख झाल्यावर, सकाळी मी दूध घ्यायला उतरले की विचारायचे, "वयनी, ढवळेक आज काय घालू?" जणू घरात गाय आहे आणि मी पेंडीची दुकानदार.

आता त्या वेळच्या माझ्याबद्दल सांगते. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची कोवळी पोर होते. अक्कल नुकतीच फुटत होती. सोसायटीची सेक्रेटरी झाले होते आणि त्या पदाचा असा वारा प्यायले होते की जिन्यात चप्पल दिसली तरी नोटीस काढायची. तळमजल्यावरून दिवसभर घुंऽऽ असा आवाज येतो आणि भाऊ दिवाळीनंतर घरोघर फिरून अक्रोडाची टरफलं मागतात, या दोन पुराव्यांवरून मी निष्कर्ष काढला की हा माणूस भेसळीचा धंदा करतोय. नोटीस टाइप करून, शिक्का मारून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"भाऊ, ही टरफलं तुम्ही कशात मिसळता?"

"मिसळूक कित्याक? या, बघा."

त्यांनी मला आत नेलं, ढवळी बंद केली आणि भुग्यात हात घालून एक पातं बाहेर काढलं. मी आयुष्यात एवढी चकाकणारी वस्तू फक्त जावेच्या कानात पाहिली होती. नोटीस मी हळूच पर्समध्ये सरकवली. त्या पर्समध्ये ती अजूनही असेल.

मग त्यांनी मला खुराकाचं शास्त्र समजावलं. वाळू का नाही? "वाळू म्हणजे पोलीस. चोराक मारता मारता घरवाल्याकय धोपटता." चिनी मातीचे गोटे? "ते कोपरे खातत. पात्यावरचा नाव पुसून टाकतत." तांदूळ फुटतो, त्याचं पीठ होतं आणि पीठ दमट हवा धरतं. चिंचोके मोठे, पात्याच्या खोलगट कुशीत शिरतच नाहीत. मका चांगला, पण शेवटी, चकाकी आणायला. "मको म्हणजे पावडर लावणारी मावशी. पयली आंघोळ व्हयी." आणि ती आंघोळ अक्रोडाच्या टरफलाच्या कोरड्या भुग्यानंच. "अक्रोड म्हणजे म्हातारी आजी, वयनी. खरवडता, पण रगत काढणा नाय." एका वेळी पातं मात्र एकच घालायचं. दोन घातली तर एकमेकांवर आपटून दोघांच्या धारेला खांडं पडतात. "दोन जावा एका ओट्यावर," असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले. माझी जाऊ वरच्याच मजल्यावर राहते, हे त्यांना माहीत होतं.

हे सगळं मी एवढ्या मन लावून का ऐकत होते? कारण माझ्या घरात, स्वयंपाकघराच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, लाटण्याखाली, एक वस्तरा पडला होता. माझ्या वडिलांचा.

लहानपणी रोज सकाळी बापू दाढी करायचे आणि मी समोर पाटावर बसून बघायची. बापू गेल्यावर वाटणीत घर दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला मिळालं, आणि मी भोकाड पसरून म्हटलं, मला काही नको, बापूंचा वस्तरा तेवढा द्या. तो दादाला स्वतःला हवा होता. तो माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, मी शेंडेफळ. त्यानं तो मखमली पेटीतून काढून माझ्या हातात दिला. "जपशील ना गं?" "जिवापाड," मी म्हटलं. तेव्हा लग्न नुकतंच झालं होतं आणि 'जिवापाड' हा शब्द मी कोथिंबिरीलाही वापरायची.

पहिल्याच महिन्यात कोहळा कापायला सुरी सापडेना. मग ब्लाउजची शिवण उसवायला वस्तऱ्यासारखं दुसरं काही नाही, असं लक्षात आलं. मग मुलांच्या पेन्सिली. दुधाच्या पिशव्या. नारळाची शेंडी. शेवटी शेवटी तर कढईचं करपलेलं बूड. आणि दर भाऊबीजेला दादा विचारायचा, "बापूंचा वस्तरा ठीक आहे ना?" मी सांगायची, "रेशमात गुंडाळून ठेवलाय."

तर भाऊंच्या घरी मी हे शास्त्र शिकले, त्याच्या आदल्याच दिवशी दादाचा नाशिकहून फोन आला होता. त्याचं सहस्रचंद्रदर्शन मुलुंडलाच, मुलाकडे करायचं ठरलं होतं. "मी आधी तुझ्याकडेच उतरणार. आणि त्या दिवशी सकाळी बापूंच्या वस्तऱ्यानं दाढी करणार. तेवढी एकच हौस आहे बघ." हातात आठ दिवस होते.

मी ड्रॉवरमधली ती चीज रुमालात गुंडाळून भाऊंपुढे ठेवली आणि ती बापूंची आहे, दादा येतोय, एवढं सांगितलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. वास घेतला.

"कांदो?"

"कधीमधी."

"बापूंच्या नावाची दोन अक्षरां दिसतत हंय. तीच सांभाळूची. बाकीचा ढवळी बघतली." ओरडले नाहीत, काही नाही. मला ओरडा खायचा होता, म्हणजे उलट बोलता आलं असतं.

पातं ढवळीत गेलं. दोन दिवस झाले, चार झाले. मी तासातासाला खाली जाऊन डोकावायची. तांबडा रंग जाऊन तपकिरी आला, पण चमक काही येईना. पाचव्या दिवशी भाऊ बोरिवलीला भाच्याच्या लग्नाला गेले. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. "फक्त बघूचा. हात लावूचो नाय."

सेक्रेटरीला हात लावू नको म्हणणं म्हणजे काय, हे त्या भोळ्या माणसाला कळलं नाही. मी विचार केला, आपली समई, आपला तांब्या, आपली पितळी परात आपण चाळीस वर्षं कशानं लखलखीत करतो? पुरुषांना स्वयंपाकघरातलं ज्ञान कुठून असणार! मी घरी आले, मूठभर चिंच भिजवली, दाट कोळ काढला, त्यात मीठ घातलं आणि ते सगळं ढवळीच्या पोटात ओतून झाकण लावलं.

पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग घुंऽऽचं घर्रऽऽ झालं. मग ढवळी हुंदके द्यायला लागली. मी झाकण काढलं तर आत पुरणासारखा गोळा, आणि त्यात रुतलेलं बापूंचं पातं काळंकुट्ट. पितळ चिंचेनं उजळतं आणि पोलाद काळं पडतं, ही माहिती मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी अशी मिळाली.

भाऊ लग्नाच्या कपड्यांतच आले. गोळ्याकडे पाहिलं. बोट बुडवलं. चाटलं.

"मीठ जास्ती झाला," म्हणाले.

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. वस्तऱ्यासाठी नाही हो. दादा ऐंशी पार करून येणार, ती काळी पट्टी बघणार, आणि चाळीस वर्षांचं ते सगळं रेशीम माझ्या तोंडावर येऊन पडणार म्हणून. भाऊंनी मला रडू दिलं, तोवर पातं सोड्याच्या पाण्यात धुतलं, कोरडं केलं, तेलाचं बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाता जिता आसा. खुराक मेलो. टरफलां व्हयी, परवापर्यंत."

भर मे महिन्यात अक्रोड! संध्याकाळी मी फलकावर नोटीस लावली: सर्व सभासदांना कळविण्यात येते की प्रत्येक घराने उद्या दुपारपर्यंत टरफलासकट अक्रोड आणावेत, फोडून खावेत व टरफले सेक्रेटरीकडे जमा करावीत. कारण विचारू नये. सही, शिक्का. सोसायटीत माझा एवढा धाक होता की बावीस घरांनी मुकाट्यानं अक्रोड खाल्ले. जाऊ तेवढी वरून ओरडली, "अगं, उष्णतेनं तोंड आलंय माझं, त्याची नोटीस कुणाला देऊ?" भाऊ दारोदार परात घेऊन फिरत होते. "गर तुमचो, टरफलां माझी!"

टरफलं मी खलबत्त्यात कुटली. चाळण्या माझ्याच. रव्याच्या चाळणीतून जे पडेल आणि पिठाच्या चाळणीवर जे राहील, तेवढंच घ्यायचं. त्याहून जाड ते अक्षरांच्या खाचांत शिरत नाही, बारीक ते नुसतं चिकटतं. भाऊंनी भुगा चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, "ह्या ज्ञान कामाचा आसा, वयनी." मला मिळालेलं आयुष्यातलं एकमेव प्रशस्तिपत्रक.

दादा आला त्या दिवशी दुपारी पातं बाहेर निघालं. मग मक्याची पावडर, मग दगडावर धार, मग चामड्याच्या पट्ट्यावर. चमकत होतं. बापूंची दोन्ही अक्षरं जागेवर. फक्त मधोमध एक करडी सावली राहिली होती, चिंचेची. "ही जावची नाय," भाऊ म्हणाले. "ह्याका आता खराच सांगूचा लागतला."

"कसं सांगू भाऊ? तो काय बोलेल!"

भाऊ दाढीतून हात फिरवत विचारात पडले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "वस्तरो गळ्यावर आसताना माणूस उलट बोलणा नाय."

सहस्रचंद्रदर्शनाच्या सकाळी आमच्या गॅलरीत खुर्ची मांडली. दादाच्या गळ्याभोवती टॉवेल, गालांवर फेस, मान मागे. भाऊंनी एक गाल संपवला, पातं हनुवटीखाली आणलं आणि माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

"दादा," मी म्हटलं, "हलू नकोस. मी या वस्तऱ्यानं कोहळा कापलाय."

दादाचे डोळे मोठे झाले.

"हलू नकात," भाऊ म्हणाले.

"ब्लाउज उसवलेत. पेन्सिली केल्यात. दुधाच्या पिशव्या कापल्यात, रोज, अकरा वर्षं. नारळ. कढई. रेशीमबिशीम काही नव्हतं रे, ड्रॉवरमध्ये लाटण्याखाली होता. आणि आता परवा चिंच लावली." एका दमात बोलले. दादाच्या गळ्यातली घाटी एकदा वर गेली, खाली आली. भाऊंनी तेवढा वेळ हात उचलला आणि परत ठेवला. इतकी संथ, इतकी रेंगाळत दाढी त्यांनी आयुष्यात कुणाची केली नसेल. माझ्या डोळ्यातलं पाणी थांबेपर्यंत ते एकाच जागेवरून हात फिरवत होते.

मग तोंड पुसलं. दादा उठला, वस्तरा हातात घेतला, ती करडी सावली उजेडात धरली.

"कोहळा?" तो म्हणाला.

"हो."

"एका घावात?"

"एका घावात."

"पक्का?"

"पक्का कोहळा, दादा. पेठ्याचा."

दादा जो हसायला लागला तो खुर्चीत परत बसला. तिकडे मुलाच्या घरी शांतीचे गुरुजी ताटकळले, सून दोनदा बोलवायला आली, आणि हा ऐंशी वर्षांचा म्हातारा डोळे पुसत म्हणतोय, "कढईसुद्धा! बापूंच्या वस्तऱ्यानं कढई!" वस्तरा तो नाशिकला घेऊन गेला. मी हसत दिला.

पुढे आमची बिल्डिंग पाडायला निघाली आणि भाऊ गावी जायला निघाले. सामान टेम्पोत चढलं. ढवळीला मात्र त्यांनी मांडीवर घेतलं. मी म्हटलं, "भाऊ, राहा की भाड्यानं इकडेच." ते म्हणाले, "गावाक म्हातारे बरेच आसत. दाढ्ये वाढलेत सगळ्यांचे." एवढंच. टेम्पो वळला आणि मी, सेक्रेटरी, भर रस्त्यात नाक शिंकरत उभी.

दादा पूर्वी वर्षातून दोनदा फोन करायचा, राखीला आणि भाऊबीजेला. आता नव्वदीच्या घरात आहे, तर दर रविवारी करतो, दाढी झाल्या झाल्या. दुसरं काही विचारत नाही. "हं, सांग. आणखी काय काय कापलंस?" खरे गुन्हे तर पहिल्या दोन महिन्यांतच संपले. मग मी रचायला लागले. टिनाचा डबा सांगितला. चटईची किनार सांगितली. एका रविवारी काहीच सुचेना, तेव्हा मी मालवणला फोन लावला. भाऊंच्या घरात रेंज नाही. ते बोलायला टेकडीवरच्या देवळापाशी चढून जातात, पंचाऐंशीव्या वर्षी, धापा टाकत. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो आणि दुसऱ्या दिवशीचा गुन्हा मला कळतो.

"वयनी, उद्या सुरण सांगा," परवा म्हणाले. "पण खाज सुटल्याचाय सांगा. नायतर तेका खरा वाटूचा नाय."