दौंड, हवा किती?

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेला, बर्फाच्या डोंगरात व्हतं. युनिटच्या रिकव्हरी गाडीवर ड्रायव्हर. म्हंजी बंद पडलेली लष्कराची गाडी वढून आणायची. गावाकडं निमोण्यात आई सगळ्यांना सांगायची, पोरगं बॉर्डरवर हाय. व्हतं बॉर्डरवरच, पण हातात रायफलीपेक्षा ग्रीसचा डबा जास्त. शिक्षण कसंबसं आठवीपातूर. भरतीत घेतलं ते पळायला बरा व्हतो म्हणून, आन् पळायला शिकलो ते आप्पाच्या माराला भिऊन.

गाडीवर माझा जोडीदार रफिक. नाईक व्हता, दौंडचा. मी लान्स नाईक, आन् तसाच रिटायर झालो. पहिल्या दिवशी लंगरात जेवताना त्यानं गाव विचारलं. म्हटलं शिरूरकडचा. तो म्हणाला, एवढ्या लांब येऊन शेजारीच भेटला व्हय. तवापासून नावं संपली. तो मला शिरूर म्हणायचा, मी त्याला दौंड. वायरलेस सेटवरबी तसंच. सुभेदार साहेबांनी एकदा उभं करून झापलं, "रेलवे का टाइमटेबल पढ़ रहे हो क्या?" रफिक सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "साहब, शिरूर में रेल है ही नहीं." दोघांनाबी ग्राउंडचे चक्कर लागले. माझं तर तोंडबी उघडलं नव्हतं.

काम काय व्हतं ते सांगतो, म्हंजी पुढचं कळंल. मोठ्या गाडीला हवेचा ब्रेक असतो. हवा भरली की चाकं सुटत्यात. हवा गेली की मागची चाकं जाम. बंद पडलेली गाडी हवा बनवत न्हाई. म्हणून आमच्या गाडीतनं पाइप लावून तिला हवा द्यायची. चाकंबी सुटत्यात आन् मागं स्टेअरिंगवर बसलेल्याला पायाखाली ब्रेकबी मिळतो. मागं रफिक बसायचा. निघायच्या आधी मी सेटवर विचारायचो, "दौंड, हवा किती?" तो काटा बघून सांगायचा, "सहा. चल." मग मी क्लच सोडायचो. रोज हेच. सुट्टीवर घरी आलो तरी बायकोला विचारायचो. तिला वाटायचं ह्याच्या डोक्यातली गेली.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला उताराच्या रस्त्यावर एक ट्रक बंद पडला. हवा संपली, चाकं जाम. मागं सगळा कॉन्व्हॉय अडकलेला. आम्ही पोचलो, टो-बार म्हंजी वढायची लोखंडी दांडी लावली. हवेचा पाइप थंडीनं काचेसारखा झालता. लावताना तडकला. दुसरा पाइप वर्कशॉपात.

साहेब म्हणाले, खालच्या चौड्या जागेपर्यंत न्या, रस्ता मोकळा करा. मागच्या ब्रेकचे बोल्ट हातानं फिरवले की हवेबिगर चाकं सुटत्यात. पण मग ब्रेक राहात न्हाई. हे साहेबांना म्हाईत व्हतं, रफिकला म्हाईत व्हतं, मलाबी म्हाईत व्हतं. आधी केलेलं व्हतं तसं. रफिकनं बर्फात उताणं झोपून बोल्ट फिरवले. उठला, पाठ झटकली, ट्रकात चढला.

मी सवयीनं विचारलं, "दौंड, हवा किती?"

"शून्य. चल."

मी हसलो. तोबी हसला असंल. सेटवर आलं न्हाई.

दुसऱ्या वळणाला धक्का बसला. मला वाटलं माझाच गिअर हुकला, कारण हुकायचं ते बहुतेक माझंच. टो-बारची पिन तुटलेली व्हती. माझा पाय ब्रेककडं निघाला.

"शिरूर, पिन गेली. ब्रेक मारू नको. पळ."

सगळ्या नोकरीत मी कुठली ऑर्डर पहिल्या झटक्यात ऐकली न्हाई. बाएं मुड़ म्हटलं तर उजवीकडं वळायचो. त्या दिवशी ऐकलं. रेस दिली. आरशात ट्रक आला, मोठा झाला. डाव्या हाताला डोंगराच्या कडंनं बर्फ काढणारे मजूर उभे व्हते. उजवीकडं दरी. ट्रक उजवीकडं वळला. मग आरशात नुसता रस्ता राहिला.

खाली चौड्या जागेत मी गाडी नीट लावली. हँडब्रेक वढला. कुणीतरी चहा दिला, तो प्यालो. साखर जास्त व्हती. त्या दिवसाचं पुढचं तेवढंच आठवतं.

पेटीबरुबर दौंडपर्यंत मला पाठवलं. दफन झाल्यावर त्याचा थोरला भाऊ सलीमभाईनं विचारलं, कसं झालं? म्हटलं, गाडी घसरली. कागदावरबी तसंच काहीतरी व्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं न्हाई.

रिटायर झालो, पिकअप घेतली. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारला तरकारी न्यायची, आन् मधी फोन आला की बंद गाड्या वढायच्या. रांजणगावच्या कंपनीच्या छोट्या बसा, टेम्पो. एक दिवस एका जाम झालेल्या बसचा ड्रायव्हर पाना घिऊन खाली शिरायला लागला, बोल्ट फिरवायला. मी त्याचा पाय धरला. सोडलाच न्हाई. तो शिव्या देत व्हता, मागं हॉर्न वाजत व्हते, आन् मी भर रस्त्यात परक्या माणसाचा पाय धरून बसलेलो. लोकांनी मोबाइलात शूटिंग केलं.

तवा ठरवलं, पिकअपमध्येच कॉम्प्रेसर बसवायचा. हवा आपल्याजवळ पायजे. मिस्त्री कशाला, म्हटलं मी हाय की. बसवला. बरुबर सायलेन्सरच्या शेजारी. तळेगावच्या बाजारात जळका वास आला. मी भज्यांच्या गाडीवाल्याला सुनावलं, तेल बदल रे बाबा. वास माझ्याच पाइपाचा.

मग दौंडला सलीमभाईच्या गॅरेजला गेलो. त्यांनी खाली वाकून बघितलं.

"फौजी, कॉम्प्रेसर हाय हा. अंडी न्हाईत उबवायला ठेवायला."

त्यांनी सगळं काढलं. कॉम्प्रेसर आन् हवेची छोटी टाकी हौद्याखाली चासीला घट्ट बांधली, सायलेन्सरपासून लांब. ब्याटरीपासनं जाड वायर, मधी फ्यूज. टाकी भरली की आपोआप बंद व्हायचं स्विच. हवा वढायची नळी वर घेतली, उसाच्या रस्त्यांचा फुफाटा जाऊ ने म्हणून. शेवटी पाइप लावायला घेतला. म्हटलं, दोन पाइप द्या.

"एक पुरतो की."

"न्हाई. दोन."

त्यांनी पाना खाली ठेवला. "तू म्हणला व्हतास गाडी घसरली."

मी खाली बघत सगळं सांगितलं. पाइप, बोल्ट, शून्य, पिन, मजूर. शिरूर-दौंडचंबी. येरवी माझ्या तोंडून कायबी सांगितलं तरी माणसं हसत्यात. सलीमभाई हसले न्हाईत. एकच विचारलं.

"शेवटचं काय बोलला?"

"पळ म्हणाला."

त्यांनी फडक्याला हात पुसले. बराच येळ पुसले. मग आत जाऊन दुसरा पाइप आणला आन् सीटमागं स्वतः बांधला.

तेवढ्यात फोन आला. न्हावऱ्याच्या रस्त्याला कंपनीची रिकामी बस बंद, चाकं जाम. सलीमभाई म्हणाले, चल, टेस्ट व्हईल. तिथं बसच्या ड्रायव्हरला खाली उतरवून तेच स्टेअरिंगवर चढले. मी दांडी लावली, पिन घातली. पिन पुन्हा बघितली. पाइप जोडला, कॉम्प्रेसर चालू केला, पिकअपमध्ये बसून त्यांना फोन लावला. सलीमभाईंचं नाव तोंडात आलंच न्हाई, जुनंच आलं.

"दौंड, हवा किती?"

 नुसती कॉम्प्रेसरची घरघर.

"चढतीय," सलीमभाई म्हणाले. "थांब."

थांबलो. मागं दुधाच्या टेम्पोवाला हॉर्न मारत व्हता.

"साडेपाच. थांब."

थांबलो.

"सहा. चल, शिरूर."

क्लच लगीच सुटला न्हाई. मग सोडला. न्हावऱ्यापर्यंत दर वळणाला आरशात बघितलं. बस मागंच व्हती.

नाईक रफिक, दौंड. मागच्या गाडीत तो बसायचा.