वेल्ह्याच्या वाट्याचं जाकीट

सरकारनं पोलिसांच्या अंगरक्षणासाठी पैसे मंजूर केले, ही बातमी जमादारांनी आणली तेव्हा मी दारात तांदूळ पाखडत होते. मोठ्या दुष्काळाच्या थोडं आधीचं वर्ष. आमचे हे वेल्ह्याच्या चौकीत शिपाई होते आणि चौकीमागच्या खोल्यांच्या ओळीत, म्हणजे पोलीस लाइनीत, आमचं बिऱ्हाड होतं. डोक्याला लोखंडी टोप, हातात वेताची ढाल आणि छातीला चामडं-कापूस भरलेलं जाड जाकीट, असं सगळं म्हणे ठाण्याठाण्याला मिळणार होतं. तोवर आमच्या माणसांकडे होतं काय? एक लाठी आणि खाकी सदरा. खाकी कपडा बघून दगड आपोआप बाजूला होतो, अशी वरच्यांची समजूत असावी.

माल आधी भोरला उतरला. तिथून एसटीच्या टपावर बसून वेल्ह्याला आला तेव्हा टोप सगळ्यांना पुरले, ढाली निम्म्यांना, आणि जाकीट एक. एकच! "बाकीची पुढल्या मंजुरीला," जमादार म्हणाले. मी तोंडावरच विचारलं, "का वो जमादार, वेल्ह्यात काय एकालाच बरगड्या हाईत?" ते हसले. मला काही हसू आलं नाही.

मग त्या जाकिटाची पाळी लावली. बंदोबस्ताला जाताना ज्याची पाळी, तो घालणार.

शेजारच्या खोलीत अक्का राहायची. नात्याची नव्हे, पण लग्न होऊन मी आले तेव्हा चूल कशी पेटवायची इथपासून तिनंच शिकवलं, म्हणून अक्का. तिचे मालक आमच्या ह्यांच्याबरोबरचेच शिपाई. त्यांना मी दाजी म्हणायची. काटकुळा माणूस, पण चेष्टेखोर किती!

मला तेव्हा सातवा लागला होता. आधी दोनदा पोटातलं गेलेलं, त्यामुळे सगळी लाइन मला जपत होती. आणि लाइनीत एक रीत होती. कुण्या साहेबानं काढलेली नव्हे, आपल्याआपल्यात पाळलेली. जिची कूस भरली आहे तिच्या माणसाला दंग्याच्या तोंडी द्यायचं नाही. त्यानं चौकीत बसायचं.

पण त्या वर्षी जत्रेच्या दिवशी माणसंच कमी पडली. तोरण्याखालच्या दोन गावांत पालखीच्या मानावरून आधीच धुसफूस चाललेली, आणि चौकीतली काही माणसं भोरच्या बंदोबस्ताला गेलेली. ह्यांना निघावंच लागलं.

सकाळी अक्का दारात आली. हातात जाकीट, गोधडीसारखं घडी घातलेलं.

"हे भावजींना घाला म्हणावं."

"अक्का, आज पाळी दाजींची हाय."

"आसंल. त्यांनीच धाडलंय. लई उकडतं म्हणत्यात त्याच्यात. आन तू आशी आवघडलेली. रीत मोडायची न्हाई बाई."

मी नको म्हणाले का? एकदासुद्धा नाही. माझे हातच पुढे झाले. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. नुसता जीव भांड्यात पडला असं नव्हे, चक्क आनंद झाला. हे संकोचून नको नको म्हणत होते, तरी मीच बंद आवळले. बाहेर दाजी लाठी घेऊन उभे. ह्यांना बघून ओरडले, "आरं तिच्या! नवरदेव निघाला! घोडं कुठं हाय?"

दुपारी एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला. पालखी पुढं न्यायच्या वेळेला दोन्ही गावं भिडली, दगड सुटले, एक पोलीस पडला. कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. अक्का आणि मी एकमेकींचा हात धरून अंगणात उभ्या राहिलो. आमचे हे नसू देत, एवढंच मी देवीला मागत होते. आणि पडलेले आमचे हे नव्हेत, तर मग दुसऱ्या कुणाचा तरी नवरा असणारच, हे मला कळत होतं. कळत असून मागत होते.

पडले होते दाजी. दगड डाव्या बरगड्यांवर बसला होता, बरोबर तिथं, जिथं जाकीट असतं. गाडीत घालून त्यांना भोरच्या दवाखान्यात नेलं. अक्का मिळेल त्या गाडीनं तिकडे गेली.

हे दिवेलागणीला परत आले आणि उंबऱ्यातच बसले. मी जाकीट सोडवलं, उजेडात धरून पुढून बघितलं, मागून बघितलं. एक ओरखडा नाही. गेलं तसं कोरं परत आलं होतं.

"तुमाला न्हाई लागलं?"

"जमादारांनी मला पार मागं गाडीपाशी उभा केला," हे म्हणाले. "दाजींच्या म्होरंच म्हणाले, ह्याची बायको पोटुशी हाय, ह्याला पुढं धाडायचा न्हाई."

म्हणजे अक्कानंही रीत पाळली आणि जमादारांनीही पाळली. दोघांनी एकमेकांना विचारलं मात्र नाही. जाकीट दिवसभर गाडीला टेकून उभं राहिलं, आणि दाजी सदऱ्यानिशी पुढं गेले. त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही.

दाजी वाचले. पण छाती कायमची अधू झाली. चार पावलं चालले की थांबायचे, एक वाक्य बोलायचं तर मध्ये दम घ्यायचे. त्यांना चौकीत बसायचं काम दिलं. पुढं मंजुरी आली, सगळ्यांना जाकिटं मिळाली, दाजींच्याही नावाचं एक आलं. कशाला?

मला मुलगी झाली. माझं सगळं बाळंतपण अक्कानंच केलं. एकदा पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घालता घालता तिनं विचारलं, "त्या दिशी भावजींच्या जाकिटावर दगड कुठं लागला गं? कुनी सांगितलंच न्हाई मला."

तिला तो दगड हवा होता. तो लागलेला असला, तरच तिनं दिलेलं सार्थकी लागलं असतं. मी दाराकडे पाहिलं. बाहेर बाजेवर दाजी बसले होते.

"छातीवर," मी म्हणाले. "दोन लागले, अक्का."

"मग बरं झालं बाई! पोरीचा बाप वाचला." आणि तिनं बाहेर हाक दिली, "आवो, ऐकलं का? दोन लागले हुते म्हणं!"

गाडीपाशी कोण उभं होतं, हे दाजींनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"व्हय," ते म्हणाले. मग दम घेतला. "दोन लागले." पुन्हा थांबले. "म्या बघितले की."

अक्कानं पोरीच्या अंगावर कोमट पाणी ओतलं. मला बाहेर बघायचा धीर झाला नाही.