पाचव्या देवळात कोण होतं?

"एका दिवसात सात देवळं? दर्शन घेतलंस, की वहीत नुसते देवळांचे शिक्के गोळा केलेस?" केन्कीची बायकोवर तडकला.

"तुमचा जन्म क्योटोत गेला. तुम्ही एक तरी देऊळ बघितलंत का?" तात्सुए म्हणाली. दोघांचाही जन्म घरच्या लोणच्याच्या दुकानातच गेला होता.

"अगं, शिक्का म्हणजे दर्शनाची खूण. ही वही तुझ्याबरोबर शवपेटीत जायची. वर कुणी विचारलं, पाचव्या देवळात कोण होतं, तर काय सांगशील?"

तात्सुएनं वहीतलं पाचव्या देवळाचं पान काढलं. त्या देवळात ती थेट शिक्क्याच्या रांगेत उभी राहिली होती. आतली मूर्ती हसरी होती की उग्र? बसलेली की उभी? आता तिला चैन पडेना.

"उद्या मी वही न घेता त्या देवळात परत जाणार आहे," ती आतल्या सुनेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "दुकान तुम्ही सांभाळा."