दाखल्यावरची अहल्या

लक्ष्मीकांत पोतनीसांनी जन्मात एक फॉर्म चुकवला नव्हता. असं लोक म्हणत नसत, ते स्वतःच म्हणत. बडोद्याच्या रावपुऱ्यात कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाचं पेन्शन रखडलं, की माणसं त्यांच्या दारात येत. मग प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ चष्मा कपाळावरून नाकावर घेई, "कुणी भरलाय हा फॉर्म?" असं विचारून आधी समोरच्याचा पाणउतारा करी आणि मगच त्याचं काम चोख करून देई. माणूस वाईट नव्हता. फक्त कागद बरोबर असला की माणूस बरोबर, असा त्यांचा हिशेब होता, आणि त्या हिशेबात ते स्वतः कायम बरोबर निघत.

त्यांची एकुलती एक मुलगी निरुपमा लग्न होऊन शिकागोला गेली होती. २००९ साली तिने आईबाबांना चार महिन्यांसाठी बोलावलं, तेव्हा लक्ष्मीकांतरावांनी तयारी केली ती कपड्यांची नव्हे, फाइलची. हिरवी, सतरा कप्प्यांची फाइल. त्यात घराची वेरापावती, म्हणजे घरपट्टीची पावती होती, पेन्शनचं पुस्तक होतं, जावयाच्या पगाराची पावती होती आणि दोघांचे शाळा सोडल्याचे दाखलेसुद्धा होते, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्ससह.

"अहो, विमानात मी बसणार आहे ना? की माझ्या जागेवर ही फाइल?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"तिथे दारात उभं करतील ना, तेव्हा कळेल तुला फाइल कशाला ते."

विमानात हवाईसुंदरीने फॉर्म वाटले. एक पांढरा, माणसाचा. एक निळा, सामानाचा. दोघांचेही फॉर्म लक्ष्मीकांतरावांनीच भरले. निळ्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ विचारले होते, तिथे त्यांनी लीलो, म्हणजे ओला चेवडा आणि भाकरवडी वजनासकट लिहिली. वसुंधराबाई बी.एस्सी. झालेल्या होत्या, इंग्रजी त्यांना व्यवस्थित येत होतं. पण घरातला कुठलाच फॉर्म त्यांच्या हाती कधी लागत नसे. "तू खाडाखोड करशील," एवढं एकच कारण त्यांना अडतीस वर्षं पुरलं होतं.

शिकागोच्या विमानतळावर उतरल्यावर मात्र हेडक्लार्कसाहेब बावरले. एवढा मोठा हॉल, जमिनीवर पट्ट्या, पट्ट्यांमधून नागमोडी रांगा, आणि कुठली रांग आपली हे सांगायला एकही ओळखीचा चेहरा नाही. दोनदा ते चुकीच्या रांगेत उभे राहिले. तिसऱ्यांदा वसुंधराबाईंनी पाटी वाचून त्यांना बाहीला धरून बरोबर रांगेत आणलं. "मला माहीत होतं," असं ते म्हणाले.

खिडकीतला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. लक्ष्मीकांतरावांची बोटं काचेवर ठेवून झाली, फोटो झाला. मग वसुंधराबाईंची पाळी आली. त्यांनी चार बोटं काचेवर टेकवली. मशीनने घेतली नाहीत. पुन्हा टेकवली, दाबून टेकवली, रुमालाने पुसून टेकवली. काही केल्या ठसे उमटेनात. अधिकाऱ्याने त्यांचा हात हातात घेऊन बोटांची टोकं पाहिली. ती गुळगुळीत झाली होती. भांडी घासून, धुणं धुऊन बायकांची होतात तशी. आपल्या बायकोच्या बोटांवर रेघा उरलेल्या नाहीत, हे लक्ष्मीकांतरावांना त्या क्षणी एका परक्या माणसामुळे कळलं. त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

अधिकाऱ्याने विचारलं, जन्मतारखेचा आणखी काही कागद आहे का?

आहे का म्हणजे काय! याच प्रश्नासाठी तर सतरा कप्पे. लक्ष्मीकांतरावांनी नववा कप्पा उघडून दाखला काढला आणि ऐटीत पुढे सरकवला. तारीख बरोबर होती. अधिकाऱ्याने मान हलवली, मग त्याचं बोट वर सरकलं आणि थांबलं. त्याने पासपोर्ट पाहिला, दाखला पाहिला, स्क्रीनवर व्हिसाचा अर्ज पाहिला. दुसरं एखादं नाव कधी वापरलं होतं का, या प्रश्नापुढे अर्जात 'नाही' असं होतं. ते अर्थात लक्ष्मीकांतरावांनीच लिहिलं होतं.

"हू इज अहल्या?"

"नोबडी, सर," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

त्यांना म्हणायचं होतं की काही विशेष नाही, जुनं नाव आहे. पण भीतीने तोंडातून निघालं ते एवढंच. वसुंधराबाई आपल्या बोटांकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली. नवऱ्याकडे पाहिलं. मग अधिकाऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "इट इज मी. माय नेम. बिफोर मॅरेज."

एक म्हणतो कुणी नाही, दुसरी म्हणते मीच. कुठला अधिकारी असल्या जोडीला सोडील? त्याने दोघांचे पासपोर्ट एका लाल पिशवीत टाकले आणि बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं.

त्या खोलीत खुर्च्यांच्या चार रांगा होत्या. फोन वापरू नका अशी पाटी होती, त्यामुळे बाहेर ताटकळणाऱ्या निरुपमाला कळवायची सोय नव्हती. परत पाठवलं तर? वसुंधराबाई अंगठ्याने बोटांची टोकं चोळत बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लक्ष्मीकांतरावांना वाटलं.

पाऊण तासाने एक बाई आल्या. छातीवर 'पटेल' अशी पट्टी. बडोद्याची माणसं म्हणजे गुजराती, असं धरून त्यांना दुभाषी म्हणून पाठवलं होतं. त्या समोर बसल्या आणि आपुलकीने म्हणाल्या, "काका, आ अहल्याबेन कोण छे?"

ते गुजराती वाक्य ऐकलं आणि लक्ष्मीकांतरावांच्या अंगाला दरदरून घाम सुटला.

त्यांच्या वतीने उत्तर वसुंधराबाईंनीच दिलं. "हुं ज छुं, बेन. लग्न पछी नाम बदल्युं."

"सरनेम तो बदलाय, काकी. पोतानुं नाम पण?"

"अमारामां बदलाय."

"कोणे बदल्युं?"

वसुंधराबाईंनी शेजारी बोट दाखवलं. "एमणे."

पटेलबाईंनी लक्ष्मीकांतरावांकडे जरा निरखून पाहिलं, मग हसून, "हुं साहेबने समजावुं छुं," असं म्हणून त्या गेल्या.

नाव बदललं यात लक्ष्मीकांतरावांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्या काळी सगळेच बदलत. १९७१ साली लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आई इंदिराबाई म्हणाल्या होत्या, "अहल्या? शिळा होऊन पडलेल्या बाईचं नाव मला घरात नको." म्हणून लक्ष्मीकांतरावांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने 'वसुंधरा' असं लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले गेले. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या गोविंदराव दिघ्यांची अहल्या त्या ताटातच राहिली. हे सगळ्यांसमोर झालं होतं. पण दुसरी एक गोष्ट होती, ती कुणासमोर झाली नव्हती.

लग्नाला वर्ष झालं असेल. वसुंधराबाईंनी नोकरीसाठी तीन ठिकाणी अर्ज केले होते. लक्ष्मीकांतरावांनी मोठ्या मनाने परवानगी दिली होती, अर्ज वाचून "एकही खाडाखोड नाही" अशी शाबासकीही दिली होती. पदवीवरचं नाव तेच म्हणून अर्ज माहेरच्या नावाने गेले, पत्ता मात्र रावपुऱ्यातला. नंतर एका सकाळी दारात पोस्टमन आला. हातात रजिस्टर पत्र. "अहल्याबेन दिघे अहीं रहे छे?"

"ना भाई," लक्ष्मीकांतराव म्हणाले, "ए नामनुं कोई अहीं रहेतुं नथी."

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी ते साफ विसरले होते. घरात ते नाव वर्षभर कुणी उच्चारलं नव्हतं. पण दुसऱ्याच क्षणी आठवलं. पोस्टमन अजून जिन्यात होता, त्याच्या चपला वाजत होत्या. एक हाक मारली असती तर तो वर आला असता. लक्ष्मीकांतरावांनी हाक मारली नाही. आत आई होती, ऑफिसात सगळे विचारतील की बायको कमावते का, आणि बायको आपल्यापेक्षा जास्त शिकलेली आहे ही गोष्ट त्यांना तोपर्यंत जरा टोचायला लागली होती. ते दारात उभे राहिले आणि चपलांचा आवाज थांबेपर्यंत थांबले. वसुंधराबाई मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यानंतर कितीतरी महिने त्या टपालाच्या वेळेला पुढच्या खोलीत काहीतरी काम काढून बसायच्या.

त्यानंतर सदतीस वर्षं या माणसाने लोकांचे फॉर्म तपासले, आणि त्यातलं प्रत्येक वर्ष हे पोटात ठेवून काढलं. आपण वाईट केलं हे त्यांना माहीत होतं. सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं, आणि दर वेळी चहा मागितला.

"अगं," ते आता म्हणाले. "मला एक सांगायचंय."

"फाइलमध्ये आणखी काही निघायचं राहिलंय का?"

"तुझं पत्र आलं होतं. बाहत्तर साली. रजिस्टर. पोस्टमनने तुझं नाव विचारलं, आणि मी म्हटलं, या नावाचं इथे कुणी राहत नाही. परत पाठवलं मी ते."

वसुंधराबाईंनी मान त्यांच्याकडे वळवली.

"चुकून बोललो गं," ते म्हणाले, आणि मग त्यांना ते वाक्यही सहन होईना. "नाही. चुकून बोललो एवढं खरं. पण त्याला परत बोलावता आलं असतं. मी बोलावलं नाही. मुद्दाम बोलावलं नाही."

समोरच्या रांगेत एक बाळ रडत होतं. त्याची आई त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. वसुंधराबाईंनी तिला वाट द्यायला पाय आत घेतले.

"कुठून आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पत्र. मुलींच्या शाळेतून, की रंगाच्या कारखान्याच्या लॅबमधून, की कॉलेजातून? मी तीन अर्ज केले होते."

लक्ष्मीकांतरावांनी आठवून पाहिलं. पाकीट आठवलं, पोस्टमनचा अंगठा आठवला, त्याच्या पिशवीचा तुटलेला बंद आठवला. पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांनी पाहिलाच नव्हता. जो माणूस किराणा दुकानाच्या पावतीचीसुद्धा मागची बाजू वाचायचा, त्याने तेवढं एक पाकीट उलटून पाहिलं नव्हतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"बघितलं नाहीत?"

"नाही गं."

वसुंधराबाईंनी मान हलवली. त्या बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता आणि तेच फार वाईट होतं. "मला वाटलं, मी कुणालाच पसंत पडले नाही. तिन्ही ठिकाणी. म्हणजे मला येतच नसणार, असं धरून चालले मी. निरू दहावीला होती ना, सायन्समध्ये अडायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. तुम्ही तिला चुकीचं शिकवायचात, कितीदा तरी. मला उत्तर माहीत असायचं. पण म्हटलं, आपण बोलू नये, आपल्याला काय येतंय."

लक्ष्मीकांतरावांना रडू फुटलं. अशा खोलीत, परक्या लोकांसमोर, सत्तरीला टेकलेला माणूस फाइल मांडीवर धरून रडत होता. वसुंधराबाईंनी त्यांना रुमाल दिला. पाठीवरून हात मात्र फिरवला नाही.

मग पटेलबाई अधिकाऱ्याला घेऊन आल्या. सगळं मिटलं होतं. फक्त एका कागदावर दुसरं नाव नोंदवून सही करायची होती. सवयीने लक्ष्मीकांतरावांनी खिशातलं पेन काढून कागद आपल्याकडे ओढला.

"काका, काकीने लखवा दो," म्हणत पटेलबाईंनी कागद वसुंधराबाईंकडे सरकवला.

वसुंधराबाईंनी पेन घेतलं. अहल्या गोविंदराव दिघे. सरळ, टपोऱ्या अक्षरात. लिहून झाल्यावर क्षणभर त्या नावाकडे त्यांनी पाहिलं आणि कागद अधिकाऱ्याला दिला. शिक्के पडले. पट्ट्यावरच्या बॅगा एव्हाना कुणीतरी उतरवून भिंतीशी ठेवल्या होत्या. त्या दोघांनी ट्रॉलीवर चढवल्या, निळे फॉर्म दिले, आणि सरकते दरवाजे उघडले.

निरुपमा कठड्यावरून जवळजवळ उडी मारूनच आली. आईच्या गळ्यात पडली. "दोन तास! आई, जीव टांगणीला लागला होता माझा. काय झालं होतं? बाबांची फाइल कमी पडली की काय?"

"बाबांना विचार," वसुंधराबाई म्हणाल्या.

"काय झालं, बाबा? तुम्ही रडलाय का?"

"काही नाही गं," लक्ष्मीकांतरावांनी डोळे पुसत हसायचा प्रयत्न केला. "नावाचा जरा घोळ होता. आता मिटला."

वसुंधराबाईंनी ट्रॉली थांबवली. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जायला लागली, तरी त्या हलल्या नाहीत.

"मिटला नाही," त्या म्हणाल्या. "तिला नीट सांगा. पोस्टमनपासून सांगा."