थांबलेला ढोल

परवा बाहेर शिमग्याचा ढोल वाजत होता. जेवताना नात म्हणाली, "आजी, मी देव नाही मानत." सून म्हणाली, "बरं. भात वाढू?"

माझा घास हातातच राहिला.

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास, माझ्या माहेरच्या गावी, कापड्याला, भरदुपारी आमच्या दारात शिमग्याची पालखी आली होती. गुलालाचा आणि ढोलाच्या तापलेल्या कातड्याचा वास येत होता. आई ओटी घेऊन उभी होती. बाबा उंबऱ्यातूनच म्हणाले, "मी देव नाय मानत. पालखी फुडं न्या."

ढोल थांबला.

पालखीबरोबर आलेले चुलते हळूच म्हणाले, "देव नको मानूस. गाव तरी मानतोस ना रे?"

उत्तर न ऐकताच पालखी वळली. त्या पावसात आमच्या भातलावणीला गावातलं कुणी आलं नाही.

सुनेनं भात वाढला. बाहेर ढोल वाजतच होता, आणि मी तो थांबायची वाट पाहत बसले.