जेवणघरातलं जुगाराचं यंत्र

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं राबणाऱ्या बाईला सगळे शिट्टीबाई म्हणतात. कुकरसारखी आधी नुसती फुसफुसते, मग एकदम वाजते, म्हणून. नवऱ्यानं जुगारात तिच्या कानातलंसुद्धा शिल्लक ठेवलं नाही. तो गेला, पण अजून कुठं पत्त्यांचा जोड दिसला तरी तिचं टाळकं सरकतं.

आणि तिच्याच जेवणघरात मॅनेजरनं चाकांवरचं जुगाराचं यंत्र आणून बसवलं! नाणं टाका, बटण दाबा. वर पाटी : 'तुम्ही खेळा, आश्रम जगवा.'

परवा चित्रकलेचे निवृत्त मास्तर जेवताना चमचा चाचपडत होते.

"मास्तर, सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन ना?"

"पुढं ढकललंय गं."

"का म्हणून?"

मास्तरांनी मान खाली घातली. "साठवलेलं सगळं यंत्रात गेलं. म्हटलं, हरलो तरी आश्रमालाच जातंय. दानच की."

शिट्टी वाजली. तिनं प्लग उपटला आणि यंत्र ढकलत नेऊन ऑफिसच्या दारात आडवं घातलं.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का?" मॅनेजर ओरडला.

"माझं आहे. मास्तरांच्या डोळ्यांचं बोला!"

"याच्या कमाईवर लिफ्ट चालते. वरच्या मजल्यावरच्या अक्का खाली कशा येणार?"

"म्हणून मास्तरांना आंधळं करायचं? देणगीसाठी दारोदार फिरायची लाज वाटते, म्हाताऱ्यांचे खिसे कापायची नाही वाटत?"

"कुणी जबरदस्ती केली का त्यांच्यावर?"

"माझ्या नवऱ्यावर तरी कुठं केली होती? पण त्या अड्डेवाल्यानं निदान दानधर्माची पाटी लावली नव्हती!"

काठ्या टेकत अर्धा आश्रम जमला. मॅनेजरनं घाम पुसत दवाखान्यात फोन लावला. सोमवारची तारीख पुन्हा मिळाली, खर्च यंत्राच्या कमाईतून करायचं त्यानं सगळ्यांदेखत कबूल केलं.

"पण यंत्र जागेवर जाणार. माझा इलाज नाही."

"मग तुम्हीच ढकला."

त्यानं ढकललं. वाटेतून एकही म्हातारा पटकन सरकला नाही.

तेव्हापासून शिट्टीबाई यंत्रासमोरच्या, खेळणाऱ्याच्या एकुलत्या एक स्टुलावर बसून लसूण सोलते. पूर्वी अर्धा तास पुरायचा, आता दिवस पुरत नाही. मॅनेजर म्हणतो, "बाई, दुसरीकडं बसा की." ती सोललेली पाकळी भांड्यात आपटते आणि पुढचा गड्डा फोडते.